पुढं सरका

खुलताबादचा भद्रा मारुती निजलेला आहे. देशात अशा निद्रिस्त मारुतीची देवळं बोटांवर मोजावी इतकीच. देवच झोपलाय म्हटल्यावर जागं राहणं आपल्याकडे आलं, असा मामांचा हिशेब.

मामा एसटीत कंडक्टर होते. उभी हयात संभाजीनगर–कन्नड मार्गावर गेली. दौलताबाद, घाट, खुलताबाद, वेरूळ आणि परत. नोकरीत या माणसाला हसताना कुणी पाहिलं नाही. सुट्ट्या पैशांवरून रोज भांडण, तिकिटांचं वेबिल जुळेना, वर तपासणी पथकाची धास्ती. आस एकच, रिटायर झालो की झोपायचं.

झाले आणि झोपले. दोन-तीन महिन्यांत बीपीची गोळी सुरू झाली आणि घरच्यांना मामा सुरू झाले. मामींनी भाजीत किती तेल घातलं, नातवाने नळ किती वेळ उघडा ठेवला, सगळ्याची तपासणी. शेवटी मामी वैतागल्या. "अहो, मारुतीरायाच्या दारात जाऊन बसा. तिथं तरी कुणी ऐकंल तुमचं!"

मामा खरंच जाऊन बसले. चप्पल स्टँडवर. पगार शून्य.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री. संभाजीनगरहून माणसं रात्रभर चालत येतात, पंचवीसेक किलोमीटर, वर शेवटी घाट. पहाटे त्या हजारो जोड्या मामांपुढे येऊन पडतात. मामा डावी-उजवी एकत्र करतात, पट्ट्यात पट्टा अडकवतात, फळीवर सारतात, टोकन देतात. तोंडाने पट्टा चालूच, "पुढं सरका, पुढं सरका! आत लई जागा हाये. दारातच काहून उभे राहू राहिले?" फळी भरली की पत्र्यावर दोनदा टकटक. डबल बेल.

जोडा हातात आला की माणूस कळतो, असं ते म्हणतात. डाव्या बुटाच्या नाकावर काळा चट्टा? मोटारसायकलवाला, गिअर वर मारून मारून पडतो. कोरी करकरीत चप्पल आणि पायाला फोड? पहिल्यांदाच पायी आलेला. त्याला टोकनाबरोबर सल्लाही मिळतो, "पुढच्या साली जुनी घालून या."

कुणीतरी मानधनाची गोष्ट काढली तर मामा उखडले. "पैसे घेतले की ड्युटी झाली. मग रजा मागावीशी वाटते."

हे सगळं निव्वळ भक्तीतून चालतं असं मला वाटत नाही. "थांबा" म्हटल्यावर माणसं थांबतात, यात निम्मं सुख असावं. दुसरा सेवेकरी टोकनांना हात लावू लागला की मामांचा चेहरा वेबिल चुकल्यासारखा होतो. पण उरलेलं निम्मं खरं आहे. एखादी म्हातारी टोकन हरवून रडकुंडीला आली तर मामा तिच्या पायांकडे बघतात आणि नेमकी जोडी काढून देतात. तेव्हाचा त्यांचा रुबाब बघावा.

पुण्याच्या भाच्याने त्यांना जगण्याचं कारण शोधायला सांगणाऱ्या 'इकिगाई' पुस्तकाचा मराठी अनुवाद भेट दिला. मामांनी चार पानं वाचली. आता हिशेबाची वही त्याच्यावर ठेवून लिहितात. टणक आहे, म्हणतात.

पुस्तकापेक्षा मामांना गावातली उदाहरणं जवळची. गावातच औरंगजेबाची उघडी, साधी कबर आहे. टोप्या शिवून मिळवलेले पैसेच कफनाला लावा, असं त्याच्या मृत्युपत्रात होतं, असं सांगतात. मामांचं त्यावर भाष्य ठरलेलं, "अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झाला तरी रिटायर होईना. पंचवीस वर्षं दख्खनात ओव्हरटाइम केला, मराठ्यांनी हाती काही लागू दिलं नाही. घरी बसून टोप्याच शिवल्या असत्या तर बीपी तरी राहिलं असतं जागेवर!" मग घाईने जोडतात, "मलिक अंबर बघा. त्याचीबी कबर इथंच. गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, पण खडकी, म्हंजे आपलं आजचं संभाजीनगर, वसवली, नहरीनं पाणी खेळवलं. कामाचा माणूस!"

मामांचं स्वतःचं बीपी खरंच जागेवर आलं. डॉक्टरांनी श्रेय गोळीला दिलं. पुढे श्रावणी शनिवारी तेच डॉक्टर रांगेत दिसले, गाडीने आलेले. मामांनी त्यांचे बूट उलटे करून तळ निरखले.

"डॉक्टरसाहेब, तळ कोरा हाये. चालत नाही तुम्ही."

"वेळ कुठंय, मामा?"

"रिटायर झाल्यावर भेटा. फळी रिकामी ठेवतो एक. हं, टोकन घ्या, पुढं सरका."