माणसं किती?

गिझरच्या दुकानात मी कागदपेन घेऊनच गेलो होतो. नोकरीतून निवृत्त झालो तरी इंजिनिअर हिशेबातून निवृत्त होत नाही. नळाचं पाणी २० अंश, गिझरमधलं ६०, अंगावर सोसेल ते ४०. म्हणजे १५ लिटर कढत पाण्यात तेवढंच विसण घातलं की ३० लिटर, दीड बादली. दोन किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी वीसेक मिनिटं. २५ लिटरच्या टाकीला पस्तीस. दुकानदार आदराने ऐकत होता, निदान मला तसं वाटलं.

"साहेब, घरात माणसं किती?"

"पाच," मी म्हणालो.

"दोन," ही म्हणाली.

आमच्या वाड्यातल्या बंबाला हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. मधल्या नळकांड्यात वरून करवंट्या, चिपाडं, सुताराकडच्या ढलप्या टाकायच्या. राख खालच्या जाळीतून पडायची. जेवढं गरम पाणी काढाल तेवढं गार ओतायचं, हा कायदा. धाकट्या काकांनी तो जन्मात पाळला नाही. त्यांच्यामागून जाणाऱ्याच्या नशिबी बंबाचा नुसता धूर यायचा. दिवाळीआधी चिंचेने घासून बंब लखलखीत करायचं काम माझ्याकडे; बोटं आठवडाभर आंबूस, पण पोटावर आपलंच तोंड फुगलेलं दिसायचं. त्या आरशात मी फार कर्तबगार दिसत असे. असो, बंबावर मी तासभर बोलू शकतो, हे घरच्यांनाही ठाऊक आहे.

"यंत्र सरासरीवर निवडत नाहीत, कमाल मागणीवर निवडतात," मी हिला समजावलं. आणि मराठी घराची कमाल मागणी म्हणजे नरक चतुर्दशी. तेल, उटणं, माणशी दोन बादल्या, तेही सूर्योदयाच्या आत! पाच जणांचे २०० लिटर. उशीर झाला तर नरक, आणि आमच्या घरी तो नेहमी हिच्याच वाट्याला. सगळ्यांच्या आधी उठून फराळाची ताटं मांडणारी बाई आंघोळीला शेवटी. याचा मला राग येतो. इतकी वर्षं मी पहिला नंबर लावत आलो, तरी येतो.

हिशेबात एक गोम होती. कॉइल दोन्हींची दोनच किलोवॉटची. सुरुवातीची भरलेली टाकी सोडली तर २०० लिटरला १५ काय नि २५ काय, वेळ सारखाच. ते मी बोललो नाही.

"मुलं दिवाळीला येतात कुठे?" ही हळूच म्हणाली. "तिकिटं स्वस्त असतील तेव्हा येतात."

दुकानदाराने तोडगा काढला, "पंचवीसचा घ्या, दोघंच असाल तेव्हा निम्मा भरा." गिझर निम्मा भरत नाही. काढाल तेवढं गार पाणी आपोआप आत येतं. टाकी सदा काठोकाठ. काकांची सोय शेवटी कारखानदारांनी केली.

पंचवीसचाच आणला. उरलेल्या कढत पाण्यात ही पायपुसणी भिजवते आणि न्हाणीघरातूनच ओरडते, "पाचव्याची आंघोळ झाली हो!"