बुडाखालचं साल

जुन्या बाजारात गॅसबत्त्या जमवणारा माणूस चटकन ओळखू येतो. बाकीची गिऱ्हाइकं वस्तू बघून भाव विचारतात; हा आधी वस्तू उलटी करतो. टाकीत उरलेलं शिळं रॉकेल पँटवर ओघळलं तरी त्याची नजर बुडावरून हलत नाही. तेवढ्यात विक्रेत्याचा इतिहास सांगून झालेला असतो : "जर्मन माल आहे साहेब, ब्रिटिशांच्या काळातला. वाड्यातून आलाय." जुन्या बाजारातली प्रत्येक बत्ती कुठल्या तरी वाड्यातूनच येते. झोपडीतही कधी बत्ती होती, असं तिथे कुणी मान्य करत नाही.

'पेट्रोमॅक्स' हा बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ कंपनीचा छाप. आपल्याकडे मात्र वरातीत डोक्यावरून गेलेली हरएक बत्ती पेट्रोमॅक्सच. त्याच बांध्याच्या बत्त्या पोर्तुगालात 'हिपोलितो' नावाने निघाल्या, चीनमध्ये 'अँकर' आणि 'बटरफ्लाय' नावाने. त्यामुळे संग्राहक रूपावर भाळत नाही, बारीक अक्षरं शोधतो. डी.आर.पी. दिसलं तर पेटंट जुन्या जर्मन राइशचं, डी.बी.पी. दिसलं तर युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीचं. आणि टाकीवर 'डब्ल्यू. जर्मनी' असेल तर ब्रिटिश काळ तिथेच संपला. ब्रिटिश गेले १९४७ साली, पश्चिम जर्मनी जन्मली १९४९ साली. हे विक्रेत्याला समजावलं तर तो शांतपणे म्हणतो, "मग साल सोडा साहेब, वाडा तर खराय ना?"

दिव्याखाली अंधार असतो असं म्हणणाऱ्याने अमेरिकेतल्या विचिटा गावची कोलमन बत्ती पाहिलेली नसणार. हिच्या बुडाखालीच सगळा उजेड. जुन्या टाक्यांवर सालाबरोबर 'ए' असेल तर वर्षाचा पूर्वार्ध, 'बी' असेल तर उत्तरार्ध. पुढे तर एका बाजूला महिन्याचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला साल, असा चोख जन्मदाखलाच ठोकलेला. यातून तिकडच्या संग्राहकांना एक छंद जडला आहे : स्वतःच्या जन्माच्या महिन्यातली, त्याच सालची बत्ती मिळवायची. ती मिळाली की बायकोच्या महिन्यातली शोधायची. ही दुसरी बत्ती घरी आणल्यावर साल मोठ्याने वाचायचं नसतं.

स्वीडनच्या प्रायमसने साल अक्षरांत लपवलं : १९११ ला 'ए', १९१२ ला 'बी' आणि तसंच पुढे. इंग्लंडच्या हॅलिफॅक्समध्ये बनलेल्या लष्करी व्हेपालक्सवर बाणाचा सरकारी ठसा आणि सरळ साल. लष्कराला कोडी घालायला वेळ नव्हता.

संग्राहकाच्या पोटात गोळा येतो तो मात्र वेगळ्याच कारणाने. पेट्रोमॅक्सची टाकी पितळी असली तरी तिच्यावर सहसा निकेल नाहीतर क्रोमचा मुलामा असायचा. पण पिवळं दिसलं की गिऱ्हाईक फसतं, हे बाजाराला पाठ आहे. म्हणून बत्ती आली रे आली की बफिंगच्या चाकाखाली जाते. मुलामा जातो, त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडा जातात, आणि उरतं ते चकचकीत, बिनवयाचं पितळ. भाव दुप्पट! बोटाच्या टोकाने चाचपून 'जी', 'आर' हुडकणारा संग्राहक त्या वेळी काय पुटपुटतो, ते छापण्यासारखं नसतं.

टाकीचं साल लागलं तरी बत्तीचं लागलं असं समजू नये. काच फुटली, बदलली. बर्नर फाटला, शेजारच्या बत्तीचा बसवला. वरची टोपी दुरुस्तीवाल्याने हाताला लागेल ती चढवली. बांधा एकच असल्याने सुटे भाग एकमेकींना बसतात, त्यामुळे टाकी बर्लिनची, टोपी चीनची आणि पंपाचं वॉशर गल्लीतल्या चांभाराने कापलेलं, असा कारभार सर्रास आढळतो. खरा संग्राहक म्हणूनच वहीत 'बत्ती : अमुक साल' असं लिहीत नाही, 'टाकी : अमुक साल, बाकी संशयित' अशी नोंद करतो.

तुमच्या माळ्यावर एखादी बत्ती पडून असेल तर एवढं करा. चिंच लावायच्या आधी बुडाचा आणि टाकीच्या गळ्याजवळचा फोटो काढून ठेवा. वॉशर तपासल्याशिवाय हवा भरू नका. आणि आत जुनी जाळी लटकत असेल तर तिची राख फुंकून उडवू नका. तिच्यात थोरियम असतं, आणि ते किरणोत्सारी आहे.