पोरं यंत्राच्या कानाला लागली!

ऐकलंत का? रिहे खोऱ्यात आता कानाला लागायला माणूस लागत नाही म्हणे! भाताच्या लावणीत या टोकाला कुजबुजलेलं गुपित त्या टोकाला पोचेस्तोवर त्याला चार फाटे फुटायचे, अशी आमची टपालव्यवस्था. आणि आता शेजारची नववीतली पोरगी पांघरुणात मोबाइल घेऊन चॅटजीपीटीला सांगते, "मला अजून अपूर्णांकांची बेरीज येत नाही, कुणाला सांगू नको." अगं बया! वर्गात सरांनी "समजलं का?" विचारलं की हिचाच "होऽऽ" सगळ्यांत मोठा असतो.

कारण काय, तर "ते हसत नाही." आणि सरांना कळलं की संध्याकाळपर्यंत आईला, आईला कळलं की घोटवड्याच्या मामाला.

पोरांना असं लाडावलं सरकारनंच, बरं का. २०२० च्या नोव्हेंबरात शाळांना कुलपं असताना राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनं व्हॉट्सअ‍ॅपवर 'स्वाध्याय' सुरू केला. दर आठवड्याला प्रश्न यायचे, उत्तर चुकलं तरी पलीकडून डोळे वटारणारं कुणी नाही. लागली चटक!

अमेरिकेत तर कहर. २०१६ मध्ये जॉर्जिया टेकच्या प्राध्यापक अशोक गोयलांनी जिल वॉटसन नावाची सहायक नेमली. पोरं सत्रभर तिला शंका विचारत राहिली आणि शेवटी कळलं, बाई नव्हेच, संगणक! लग्नाचं स्थळ असं निघालं असतं तर आमच्याकडे पोलीस पाटलाला बोलवावं लागलं असतं. निदान त्या पोरांना माहीत तरी नव्हतं. १९६६ ची 'एलायझा' म्हणजे टाइप करून गप्पा मारणारा संगणकाचा प्रोग्रॅम, तिचं यंत्रपण काही लपलेलं नव्हतं. तरी ती बनवणाऱ्या वायझेनबाउमच्या सेक्रेटरीनं तिच्याशी चार वाक्यं बोलताच साहेबालाच सांगितलं, जरा बाहेर जाता का? स्वतःच्या साहेबाला हो!

आणि गुपित राहतं म्हणाल, तर कंपनीच्या संगणकावर सगळं साठतं. चॅटजीपीटीवाल्या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन खुद्द २०२५ मध्ये बोलून गेले, की वकील-डॉक्टरांशी बोलण्याला कायद्यानं जी गुप्तता मिळते ती इथे नाही. म्हणजे आमच्याहून पोहोचलेली चहाडखोर! आमची बातमी फार तर हिंजवडीची टेकडी ओलांडायची, ही साता समुद्रापार.

हे सगळं मी त्या पोरीला रंगवून सांगितलं. घाबरेल, निदान यापुढे मला तरी सांगेल, या आशेनं. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"जाऊ दे की, मावशी. तिकडं कोण माझ्या मामाला ओळखतंय?"