एक सही राहिली म्हणून

नेदरलँड्समध्ये आई-बाप दोघंही नोकरी करत असतील, तर पाळणाघराच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. हे पैसे पूर्वी आयकर खातं द्यायचं, तेही आगाऊ. घोळ तिथूनच सुरू झाला. वसुलीत मुरलेल्या खात्याला मदत वाटायला बसवलं आणि त्यानं अर्जदाराकडे करबुडव्याच्याच नजरेनं पाहिलं.

फॉर्मवर एक सही राहिली, स्वतःच्या हिश्शाचे थोडे युरो भरायचे राहिले, की अख्ख्या वर्षाची मदत परत करा! हप्ते बांधून मागितले, तर ‘मुद्दाम फसवलंत’ असा शिक्का मारून तेही नाकारायचे. २०१३मध्ये बल्गेरियातल्या टोळ्यांनी खोट्या कागदांवर भत्ते लाटल्याचं उघड झालं, संसदेत आरडाओरडा झाला आणि खात्याच्या हाताला आणखी धार आली. चोर टोळ्यांतले होते. मार मात्र भाड्याच्या घरात राहणाऱ्या, एकटीनं मूल वाढवणाऱ्या बाईला बसला. त्यातही डच नागरिक नसणं हा खात्याच्या संगणकात चक्क जोखमीचा निकष होता. याला भेदभाव म्हणतात, दुसरा शब्द नाही.

कोर्टात जावं, तर वरचं प्रशासकीय न्यायपीठही ऑक्टोबर २०१९पर्यंत खात्याचीच री ओढत राहिलं. कर्जापायी घरं गेली, संसार मोडले. या कुटुंबांतली हजारांवर मुलं सरकारी यंत्रणेनं आई-बापांपासून दूर ठेवली. पाळणाघर परवडावं म्हणून निघालेल्या योजनेच्या पायी!

सुरुवातीचा अंदाज सुमारे २६ हजार पालकांचा होता, पुढे तो वाढत गेला. डिसेंबर २०२०मध्ये संसदीय समितीनं अहवाल दिला, त्याचं नावच ‘अभूतपूर्व अन्याय’. प्रत्येक पीडित पालकाला ३० हजार युरो जाहीर झाले.

या प्रकरणाकडे बोट दाखवून ‘सरकारी मदतच बंद करा’ म्हणणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. पाळणाघराची मदत हवीच. पण चूक आणि चोरी यांतला फरक ज्याला कळत नाही, त्या खात्याच्या हाती ती नको. संशय सरकारला आला असेल, तर पुरावाही सरकारनंच आणावा.

याच प्रकरणावरून १५ जानेवारी २०२१ला पंतप्रधान मार्क रुटे यांच्या सरकारनं राजीनामा दिला. पुढच्या जानेवारीत पंतप्रधानपदाची शपथ घेतली, ती पुन्हा रुटे यांनीच.