बाईचा खाडा आणि मोबाईल

"अगं, ऐकलंस का? ठाण्याच्या भाचीनं मोबाईलवरून बाई मागवली!" शेवग्याच्या शेंगा कुंपणावर टेकवत काकू सुरू झाल्या.

"आली का मग?"

"पाव तासात दारात. गणवेश घालून! भाचीनं फोनवरचा नंबर सांगितला की तास सुरू. भांडी, केरलादी झाली, तास भरला, बाई चालती झाली. दुसऱ्या दिवशी वेगळीच. तिला पुन्हा पहिल्यापासून सांगा, देवाची भांडी वेगळी, तांब्याला चिंच लाव. भाची म्हणते, आपल्या बाईचा खाडा असला की ॲप बरं. घराची चावी मात्र जुनीकडेच."

काकूंना भाचीचं पटलेलं दिसलं. (काकूंच्या घरी बाई कधी लागली नाही, पण मत पक्कं असतं.)

"काकू, मार्च 2025 मध्ये अर्बन कंपनीनं मुंबईत हेच काढलं. पंधरा मिनिटांत बाई, तासाला 49 रुपये. नाव ठेवलं 'इन्स्टा मेड्स'. लोकांनी नावावरून असं धुतलं, की लगेच 'इन्स्टा हेल्प' करावं लागलं."

"49? मग बाईच्या हातात काय पडतं?"

"तो गिऱ्हाईक जमवायचा भाव. बाईला तासाला दीडशे ते एकशे ऐंशी देतो, वर विमा, असं कंपनी म्हणाली होती."

"आपल्या टोकावड्यात बोलाव बघू पंधरा मिनिटांत! तेवढ्यात एसटी फाट्यावर येत नाही. आणि हवी कुणाला? लावणीला सावड असते, लग्नात अख्खी आळी भांड्यांना बसते."

"आपल्याला नको, पण आपल्या बायका तिकडे जातातच ना? तुमच्या शेजारची सूनबाई कल्याणला चार घरची धुणीभांडी करते."

"तीच विचारत होती, ॲपवर जाऊ का म्हणून. पैसे जास्त दिसतात. पण गिऱ्हाइकानं तारे कमी दिले की काम बंद होईल, ही धास्ती."

एवढी बातमी काकूंनी शेवटपर्यंत दाबून ठेवली होती!

"जाऊ दे की खुशाल. पण आधी घरेलू कामगार कल्याण मंडळात नाव घालायला सांगा. 2008 चा कायदा आहे, 18 ते 60 वयाच्या बाईची नोंद होते. त्याला काम करते त्या घराचा दाखला लागतो. आत्ता चार घरं ओळखीची आहेत तोवर घ्या म्हणावं. तासातासाला घर बदलायला लागलं, की सही कोण देणार?"