घटिका, टोमॅटो आणि मोटर

एकाग्रतेच्या साधकाने सर्वप्रथम टोमॅटो आणावा. खायला नव्हे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात मन लागेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ उचललं आणि २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती असा नेम धरला. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात. पद्धतीचं नाव तेच पडलं.

आमच्या जांब समर्थ गावच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपली घटिका २४ मिनिटांची. गड्याने तिच्यात एक मिनिट वाढवलं आणि जगाला दिली. घटिका मोजायचं यंत्रही स्वस्त: तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटिका भरली. भोक पडलेलं भांडं कोणत्याही घरात सापडतं, मात्र ते बहुधा दीड मिनिटात बुडतं. अशा भांड्यावर नेम धरणाऱ्याची विश्रांतीच फार होते.

आता गजर. याबाबतीत आमच्या गावाचा अधिकार मोठा. १६०८ सालच्या रामनवमीला इथे जन्मलेला सूर्याजीपंत ठोसरांचा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा होता. भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि मुलगा मांडवातून जो निघाला तो नाशिकजवळ टाकळीला पोहोचला, अशी कथा आहे. गजर ऐकून खरोखर उठलेला माणूस आम्ही तरी हा एकच ऐकला. तोच शब्द आजही प्रत्येक लग्नात कर्ण्यावरून ऐकू येतो आणि मंडळी शांतपणे जेवायला बसतात.

पण पोमोडोरोत एक खोट आहे. हात कुठे बसतोय तोवर घंटा वाजते. म्हणून जाणकारांनी लवचीक पद्धत काढली: घड्याळ लावायचं नाही, मन लागेल तोवर बसायचं, उठताना वेळ टिपायची आणि विश्रांती त्या मानाने घ्यायची. २५ मिनिटांच्या आत उठलात तर ५, दीड तास टिकलात तर १५. परंपरा सांगते की टाकळीला समर्थांचं बारा वर्षं तप झालं आणि पुढची बारा वर्षं पायी तीर्थाटन. लवचीक पद्धतीचा याहून लांब प्रयोग निदान आमच्या तालुक्यात तरी नाही. साधकाने मात्र विश्रांतीचं प्रमाण यावरून ठरवू नये. मी एकदा ठरवलं होतं. घरच्यांनी दुपारी चारला उठवलं.

गावात लवचीकपणा शिकवावा लागत नाही, तो तारेतून येतो. शेतातल्या मोटरची थ्री फेज लाईट पाळीने. ती रात्री असली की मोसंबीच्या बागेत दारं धरायला रात्रीच जायचं, आणि मग सकाळी एकाग्रतेचं पुस्तक उघडलं तर दुसऱ्या पानावर मान पडते. लाईट आली की मोटर चालू, गेली की बंद. मध्येच फ्यूज उडाला तर उरलेला वेळ पोलाकडे बघण्यात. तिथे तासन्‌तास लक्ष विचलित होत नाही, हे मी शपथेवर सांगतो.

फोनवरचं एकाग्रतेचं ॲप टाळावं. त्यात वेळ लावायला फोन उघडावा लागतो आणि पुढे काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. समर्थांच्या दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाच्या. ॲपवाल्याने थेट दहावा काढावा. एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीच लेखनक्रियेचा समास आहे: अक्षर कसं असावं, ओळी कशा, शाई कशी. लिहायला बसणाऱ्याला एवढं बारकाईने सांगणारा माणूस मिनिटांवर बोलत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

शेवटचं साधन वही. कधी बसलो, कशाने उठलो, हे टिपल्याशिवाय ही पद्धत चालत नाही. नमुन्यादाखल माझं परवाचं पान:

१०.४० बसलो.
१०.४६ शेजारचे काका. “बसले का कामाला?” हो म्हटलं. “मग मी पण बसतो जरा.”
११.३५ काका गेले. मोसंबीचा भाव कळला, त्यावर दोघांचं एकमत झालं नाही.
११.३६ बसलो. मन लागलं.
११.४१ चहा. आईने आणला, म्हणजे हा व्यत्यय धरत नाहीत.
११.५० खरंच बसलो.
१.१५ वेळ बघायचं राहून गेलं.
१.१६ “लाईट आली! मोटर कोण लावणार?”
विश्रांती: १५ मिनिटं, बांधावर.