घाटमाथ्यावरची निदानसभा

बंद पडलेली गाडी आणि पोटदुखी, या दोन गोष्टींवर इलाज सांगायला आपल्याकडे पदवी लागत नाही. जवळ उभं असलं की पुरे. प्रचिती हवी असेल तर भर पावसाळ्यात कऱ्हाडहून चिपळूणला निघावं, कोयनानगर मागं टाकून कुंभार्लीच्या घाटमाथ्यावर भजी खायला थांबावं आणि गाडीनं पुन्हा सुरू व्हायला नकार द्यावा. यातली शेवटची अट आमच्या गाडीनं आपणहून पूर्ण केली.

किल्ली फिरवली. बॉनेटखालून एकच आवाज आला, टक. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. बस्स.

"पेट्रोल संपलं," मागच्या सीटवरून सौभाग्यवतींच्या मामांनी जाहीर केलं. काटा अर्ध्याच्या वर होता. तो दाखवला तर म्हणाले, "काट्यावर जाऊ नका, जावईबापू."

एव्हाना टपरीवरची मंडळी भज्यांच्या प्लेटांसकट जमली होती. ज्याच्या गाडीला जो आजार झाला होता, तोच त्यानं आमच्या गाडीला बहाल केला. ज्याची बॅटरी नुकतीच बसली होती तो म्हणाला, "बॅटरी गेली, नवीनच टाका." ज्याला किल्लीनं दगा दिला होता त्याला किल्लीतल्या चिपचा संशय आला. रेनकोटवाल्या काकांच्या टाकीत कधीतरी पाणी शिरलं असणार. ते पेट्रोलच्या वासावरच अडून बसले. एका आजींनी फक्त पुढं लिंबू-मिरची नाही एवढं पाहिलं आणि "मग कसं व्हायचं!" म्हणून त्या चहाकडे वळल्या.

चर्चा पुरे झाली असं वाटलं की मराठी माणूस धक्का मारतो. "चला, लावा हात!" झाली सुरुवात. दम लागला, चपला घसरल्या, एकाचं भजं चिखलात गेलं, गाडी तसूभर हलली नाही.

"गिअर पार्किंगमध्ये आहे," सौ. शांतपणे म्हणाली. "ऑटोमॅटिक आहे ती."

"मग आधी सांगायचं ना, वहिनी!"

"विचारलंत कुठं?"

ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं सुरू होत नाही. न्यूट्रलला टाकून उतारावर सोडावी, तर इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात; चिपळूणच्या आधी दरी लागायची. यावर मामांना जुन्या अ‍ॅम्बॅसडरचं हँडल आठवलं. पुढून घालायचं, गर्रकन फिरवायचं, गाडी सुरू! कॅडिलॅकनं १९१२ साली गाडीत विजेचा सेल्फ बसवून हँडलला निवृत्तीची वाट दाखवली, याबद्दल मामांनी त्या कंपनीला अजून माफ केलेलं नाही.

तेवढ्यात चिपळूणकडून मासळीचा टेम्पो वर आला. ड्रायव्हर चहाला उतरला. मागं बर्फ वितळत होता, त्यामुळे जमलेल्यांत घाई फक्त त्यालाच होती. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, जो तोवर कुणालाच सुचला नव्हता. "आवाज काय येतोय?"

"टक."

"हेडलाइट लावा. आता सेल्फ मारा. बाकीच्यांनी जरा गप बसा."

समोर धुक्यावर दोन पिवळे झोत पडले होते. किल्ली फिरवताच टक झालं आणि झोत पार विझले. किल्ली सोडली, पुन्हा उजेड.

"पेट्रोलचा दोष असता तर इंजिन फिरून फिरून दमलं असतं. हे फिरतच नाही. लाइट तशीच राहून नुसतं टक झालं असतं तर सेल्फवर संशय. लाइट मेली, म्हणजे करंट अडतोय."

त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना आळीपाळीनं बोट लावलं. "प्लस गरम आहे बघा." खरंच होतं. क्लॅम्पच्या बुडाशी पांढरी-हिरवट भुकटी साचली होती आणि क्लॅम्प दोन बोटांत धरून फिरत होता. हॉर्नला, डॅशबोर्डच्या दिव्यांना थोडके अँपिअर पुरतात. सेल्फला शंभराच्या वर लागतात. बोळातून सायकल निघून जाते, वरात अडकते, तसा प्रकार. अडलेल्या करंटनं तो सांधा तापवला होता.

दहाचा पाना त्याच्या खिशातच होता. आधी मायनस सोडवला, मग प्लस; उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. भजीवाल्यानं खायचा सोडा दिला, चहावाल्यानं गरम पाणी. प्रश्न ब्रशचा होता. सौ.नं मामांच्या बॅगेतून त्यांचा दात घासायचा ब्रश काढला. मामा काही बोलायच्या आत टर्मिनलवर सोडा फसफसला, हिरवट फेस आला आणि खालून शिशाचा चकचकीत राखाडी रंग दिसू लागला. पुसून कोरडं केलं, प्लस आधी, मायनस नंतर, दोन्ही घट्ट. सेल्फ मारला, गाडी एका दमात सुरू.

"बॅटरीच म्हटलं होतं मी!" पहिले गृहस्थ म्हणाले. टेम्पोवाल्यानं पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. "चिपळूणपर्यंत बंद करू नका, तिथं बॅटरी तपासून घ्या," एवढं सांगून तो निघाला.

चिपळूणच्या दुकानात इंजिन बंद करून मीटर लावला. १२.६ व्होल्ट. चालू इंजिनावर १४ च्या आसपास. बॅटरी ठणठणीत, चार्जिंगही ठीक. घाटमाथ्यावरच्या सभेचं ऐकलं असतं तर नव्या बॅटरीलाही तोच मळका क्लॅम्प लाभला असता. मामांनी मात्र समोरच्या दुकानातून नवा ब्रश घेतला आणि तो खिशात ठेवला, बॅगेत नाही.

पुढं गुहागरच्या वाटेवर मार्गताम्हान्याच्या अलीकडे एक जीप रस्त्याकडेला उभी दिसली. मामांनी काच खाली केली, पावसात डोकं बाहेर काढलं आणि जीव तोडून ओरडले, "टर्मिनल बघा, टर्मिनल! प्लसचं!"

जीपवाला पंक्चर झालेलं चाक काढत होता.